एका टेबलाशी दोघं

१९४५ साली ब्रॉडवेवर ‘कॅरोसेल’ ही म्युझिकल आली. संगीत रिचर्ड रॉजर्स यांचं, संहिता आणि गीतं ऑस्कर हॅमरस्टाइन यांची. तिच्यातल्या एका गाण्याकडून हॅमरस्टाइन यांच्या मोठ्या अपेक्षा होत्या. चाल गोड होती, प्रसंग हळवा होता, तरी त्या गाण्याला मनासारखी दाद मिळाली नाही. चार वर्षांनी आपल्या गीतसंग्रहाच्या प्रस्तावनेत त्यांनी त्याचं कारण शोधलं. गाण्याचा शेवटचा शब्द होता ‘टॉक’. तो ‘क’वर संपतो. ‘क’ उच्चारताच घशात श्वासाची वाट बंद होते, त्यामुळे गायिकेला शेवटचा सूर धरून ठेवता येत नाही, फुलवता येत नाही. सूर असा मध्येच मिटला की प्रेक्षकांचे टाळीसाठी उचललेले हातही घुटमळतात. पुन्हा संधी मिळाली तर शेवटाला मोकळ्या स्वराचा शब्द घेईन, अशी त्यांची कबुली होती.

तेव्हा हॅमरस्टाइन चोपन्न वर्षांचे होते आणि अमेरिकी रंगभूमीवरचे सर्वांत यशस्वी गीतकार होते. एका व्यंजनाचा हिशेब ते इतक्या वर्षांनी मांडत होते.

या लेखाचा विषय आहे हा हिशेब शिकवणारं शिक्षण. म्युझिकल, म्हणजे जिच्यात गाणी गोष्टीचाच भाग असतात अशी संगीतिका, लिहू आणि स्वरबद्ध करू पाहणाऱ्यांसाठी अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतात. गायचं कसं, नाचायचं कसं, उभं कसं राहायचं हे तिथे शिकवत नाहीत. जे रंगमंचावर कधीच दिसणार नाहीत, त्या तिघांचं हे शिक्षण आहे: संहिताकार, गीतकार आणि संगीतकार. संहितेला तिकडे ‘बुक’ म्हणतात. संवाद, प्रसंगांची मांडणी, कुठे बोलणं थांबून गाणं सुरू व्हायचं याचा निर्णय, हे सगळं ‘बुक’मध्ये येतं. म्युझिकल यशस्वी झाली की श्रेय गाण्यांना मिळतं आणि पडली की दोष ‘बुक’ला, असं त्या व्यवसायात नेहमी ऐकू येतं. कधी ही तिन्ही कामं तीन माणसं करतात, कधी दोन, क्वचित एकच. तिन्हींचा सांधा मात्र एकच असावा लागतो, आणि तो जुळवणं हाच या शिक्षणाचा गाभा आहे.

कविता लिहिता येणारा माणूस गीतकार होतोच असं नाही. चाली बांधणारा प्रत्येक जण नाटकाचा संगीतकार होत नाही. नाटककाराला आपली सर्वांत उत्कट जागा स्वतः न लिहिता दुसऱ्याच्या हाती सोपवावी लागते, आणि ते तर फार जड जातं. मग हे सगळं शिकायचं कुठे?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याचं उत्तर होतं, एखाद्या जाणत्याच्या घरी. या बाबतीत सर्वांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट स्टीव्हन सॉन्डहाइम यांची आहे, आणि ती सांगण्याजोगीच आहे. पेनसिल्वेनियातल्या बक्स काउंटीत हॅमरस्टाइन यांचं शेत होतं आणि सॉन्डहाइम जवळच राहायचे. आईवडील विभक्त झालेले, त्यामुळे या मुलाचा बराच वेळ हॅमरस्टाइन यांच्या घरीच जाई. पंधराव्या वर्षी त्याने शाळेतल्या जीवनावर एक म्युझिकल लिहिली आणि आपल्याला ओळखत नाही असं समजून वाचा, असं त्यांना सांगितलं. हॅमरस्टाइन यांनी ती वाचली आणि इतकं वाईट काही आपण वाचलेलं नाही, असं तोंडावर सांगितलं. पण तिथेच थांबले नाहीत. वाईट का, हे सांगायला बसले आणि पहिल्या रंगसूचनेपासून एकेक ओळ घेत सगळी दुपार त्यात गेली. लोकांना आयुष्यभरात कळत नाही तेवढं नाट्यगीतांबद्दल त्या दुपारी कळलं, असं सॉन्डहाइम पुढे सांगत आले.

त्या दुपारनंतर हॅमरस्टाइन यांनी मुलाला चार कामं लावून दिली. आधी एका आवडत्या, चांगल्या नाटकाची म्युझिकल करायची. मग आवडणाऱ्या पण रचनेत कच्च्या राहिलेल्या नाटकाची, म्हणजे दोष कुठे आहे ते शोधून दुरुस्त करावं लागेल. तिसरी, जिचं नाटक झालेलं नाही अशा एखाद्या गोष्टीची. त्यासाठी सॉन्डहाइम यांनी ‘मेरी पॉपिन्स’ घेतली. आणि चौथी संपूर्ण स्वतःची. हे करायला त्यांना काही वर्षं लागली. त्या चारांतली एकही व्यावसायिक रंगभूमीवर आली नाही, येण्यासाठी ती लिहिलेलीही नव्हती. कॉलेजनंतर शिष्यवृत्ती घेऊन ते मिल्टन बॅबिट या अत्यंत आधुनिक वळणाच्या संगीतकाराकडे शिकायला गेले. तिथे मोझार्टबरोबरच जेरोम कर्न यांच्या लोकप्रिय गाण्यांचीही सुरासुरांत फोड केली जाई. १९५७ साली ‘वेस्ट साइड स्टोरी’ची गीतं लिहिली तेव्हा सॉन्डहाइम सत्तावीस वर्षांचे होते आणि त्यांच्यामागे बारा वर्षांची तालीम होती.

चार स्वाध्याय आणि चांगला गुरू, एवढ्या सामग्रीवर एक अभ्यासक्रम उभा राहू शकतो. फक्त प्रत्येकाच्या शेजारी हॅमरस्टाइन राहत नाहीत.

ही उणीव भरून काढण्याचा पहिला टिकाऊ प्रयत्न विद्यापीठाने केला नाही. गाण्यांच्या हक्कांची रॉयल्टी वसूल करणाऱ्या बीएमआय या संस्थेने १९६१ साली न्यूयॉर्कमध्ये कार्यशाळा सुरू केली आणि ती लेमन एंगेल यांच्याकडे सोपवली. एंगेल ब्रॉडवेवरचे नावाजलेले वाद्यवृंद-संचालक. ऑर्केस्ट्राच्या खड्ड्यात उभं राहून रोज रात्री त्यांनी एक गोष्ट पाहिली होती: काही गाण्यांना प्रेक्षक पुढे झुकतात, काहींना घड्याळाकडे बघतात, आणि यामागे काही तत्त्वं असली पाहिजेत. ती शोधून, गाजलेल्या म्युझिकलचे सांगाडे उलगडून त्यांनी आपला वर्ग उभा केला. वर्गात फी नव्हती. पदवीही नव्हती. निवड व्हायची ती कामाचे नमुने ऐकून.

तिथला एक स्वाध्याय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. टेनेसी विल्यम्स यांच्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ या नाटकातल्या ब्लांश दुबुआसाठी गाणं लिहायचं. नाटक सगळ्यांना पाठ, बाई सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे गाणं गाऊन दाखवलं की ते सुंदर आहे की नाही हा प्रश्न आपोआप मागे पडतो आणि खरा प्रश्न पुढे येतो: हे ब्लांश गाईल का? कोसळत चाललेली, सभ्यतेचं सोंग जिवाच्या आकांताने सांभाळणारी ही बाई असे शब्द वापरेल का, तिच्या तोंडी ही चाल शोभेल का, आणि मुळात त्या क्षणी ती गाईल की गप्प राहील? वीस-पंचवीस समव्यवसायी ऐकत असताना या प्रश्नांना सामोरं जाणं सोपं नाही.

सॉन्डहाइम स्वतःही या परीक्षेत एकदा उणे ठरले होते. ‘वेस्ट साइड स्टोरी’त मारिया ही पोर्तो रिकोहून नुकती आलेली, साधी मुलगी. तिच्या एका आनंदाच्या गाण्यात त्यांनी ओळीच्या पोटात झकास यमकं गुंफली. तालमीनंतर शेल्डन हार्निक या गीतकार मित्राने हळूच विचारलं, की इंग्रजी जेमतेम बोलणारी मुलगी इतकी चतुर यमकं कशी जुळवते? सॉन्डहाइम यांनी साधी आवृत्ती लिहून आणली, पण बाकीच्या मंडळींना पहिलीच आवडली होती. गाणं तसंच राहिलं, जगभर गाजलं, आणि ते ऐकताना आपल्याला अवघडल्यासारखं होतं, असं ते आयुष्यभर म्हणत राहिले. यमक हा गीतकाराचा दागिना आहे खरा. पण तो पात्राच्या अंगावर शोभला पाहिजे.

विद्यापीठ या क्षेत्रात उतरलं ते १९८१ साली. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या टिश स्कूल ऑफ द आर्ट्समध्ये म्युझिकल लेखनाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. अखेरीस एमएफए ही पदवी. पहिल्या वर्गांना शिकवायला आलेली नावं पाहिली की त्या काळच्या ब्रॉडवेची हजेरीच लागल्यासारखी वाटते: आर्थर लॉरेंट्स, लेनर्ड बर्नस्टाइन, हॅरल्ड प्रिन्स, बेटी कॉम्डेन आणि अॅडॉल्फ ग्रीन, आणि सॉन्डहाइम. एका दुपारी एका मुलाला जे मिळालं होतं, ते आता वेळापत्रकात बसवलं गेलं.

या अभ्यासक्रमात प्रवेशच दोन दारांनी होतो. शब्दवाले एका दाराने येतात, सूरवाले दुसऱ्या. पहिल्या वर्षी जोड्या बदलत राहतात. आज ज्या संगीतकाराबरोबर विनोदी गाणं केलं, त्याच्याऐवजी पुढच्या स्वाध्यायाला दुसराच कोणी समोर येतो. एखादा जाझ वाजवत वाढलेला, एखादी चर्चच्या वृंदगानातून आलेली, एखाद्याला रॉकशिवाय काही सुचत नाही. गीतकाराला दर वेळी नव्या कानासाठी लिहावं लागतं आणि संगीतकाराला दर वेळी नव्या जिभेसाठी. वर्षाच्या शेवटाला छोटेखानी संगीतिका होतात. दुसऱ्या वर्षी जोडी ठरते, आणि त्या जोडीने पूर्ण लांबीची संगीतिका लिहायची. तिचं नटांकडून, पियानोच्या साथीने वाचन होतं. नेपथ्य नसतं, वेशभूषा नसते, प्रकाशयोजना नसते. हातात संहिता, समोर स्टँडवर स्वरलिपी. लिहिलेलं उभं राहतं की कोसळतं ते अशा वेळी लपवता येत नाही.

म्युझिकल लेखन शिकवणं म्हणजे बऱ्याच अंशी सहवास शिकवणं आहे. एकाच टेबलाशी दोन माणसं बसतात. एकाला शब्द प्रिय, दुसऱ्याला सूर. संगीतकाराला वाटतं की तिसऱ्या ओळीत आणखी दोन मात्रा हव्यात. गीतकाराला वाटतं की ती ओळ लांबवली तर विनोद मरतो. कोणाला तरी माघार घ्यावी लागते, आणि ती राग न धरता घ्यावी लागते. ‘तुझं गाणं’ आणि ‘माझं गाणं’ या भाषेऐवजी ‘तिचं गाणं’, म्हणजे त्या पात्राचं गाणं, अशी भाषा तोंडात बसायला वेळ लागतो. दोन वर्षं त्यासाठी फार नाहीत.

कारागिरीच्या गोष्टी अर्थात पुष्कळ आहेत. इंग्रजीत शब्दाचा आघात ठरलेला असतो. संगीताचा ठेका चुकीच्या अक्षरावर पडला, तर ऐकणाऱ्याच्या कानात शब्दच बदलतो आणि तो सोडवेपर्यंत पुढची ओळ निघून जाते. पुस्तकातली कविता मागे जाऊन पुन्हा वाचता येते, नाटकातलं गाणं एकदाच कानावरून जातं. म्हणून उंच सुरावर मोकळा स्वर द्यायचा, दोन शब्दांच्या सांध्यावर व्यंजनं एकमेकांवर आदळू द्यायची नाहीत, महत्त्वाचा शब्द ओळीच्या शेवटी आणायचा. मराठी श्रोत्याला यातलं मर्म समजावून सांगावं लागणार नाही; एखाद्या तानेत शब्द चुकीच्या जागी तुटला की काय होतं, ते त्याने अनेकदा ऐकलेलं असतं.

रचनेचे धडे त्याहून रंजक. नायक किंवा नायिकेला काय हवं आहे, हे सांगणारं गाणं सुरुवातीच्या काही मिनिटांत आलं पाहिजे, असं या परंपरेत मानलं जातं. त्याला सरळ ‘आय वॉन्ट’ गाणं म्हणतात. बीएमआयच्या कार्यशाळेत वावरलेले हॉवर्ड अॅशमन आणि अॅलन मेन्केन जेव्हा डिस्नेच्या ‘द लिटल मरमेड’साठी काम करू लागले, तेव्हा हा धडा अॅशमन यांनी तिथल्या चित्रकारांना वर्ग घेऊन समजावला. समुद्रातल्या मुलीला जमिनीवरचं जग हवं आहे, हे तिने गाऊन सांगितलं तरच प्रेक्षक तिच्या बाजूने उभे राहतील. एका चाचणी खेळात लहान मुलं त्या गाण्याच्या वेळी चुळबुळ करताना दिसली, आणि स्टुडिओप्रमुख जेफ्री कॅट्झेनबर्ग यांनी गाणं कापायचं ठरवलं. अॅशमन आणि सहकारी अडून बसले. गाणं राहिलं. १९८९ साली सिनेमा आला आणि डिस्नेच्या कार्टूनपटांचे दिवस पालटले. सिद्धांत नुसता पाठ असून भागत नाही, वेळ आल्यावर त्याच्यासाठी भांडावंही लागतं.

पहिल्या गाण्याचंही तसंच. १९६२ साली सॉन्डहाइम यांनी शब्द आणि संगीत दोन्ही दिलेली ‘अ फनी थिंग हॅपन्ड ऑन द वे टु द फोरम’ ही प्रहसनवजा म्युझिकल न्यूयॉर्कला येण्याआधी वॉशिंग्टनमध्ये चाचणी खेळ करत होती. प्रेक्षक हसत नव्हते. दिग्दर्शक आणि नृत्यरचनाकार जेरोम रॉबिन्स यांना बोलावलं. दोष विनोदांत नाही, आरंभीच्या गाण्यात आहे, असं त्यांचं निदान. ते गाणं नाजूक आणि प्रेमळ होतं, त्यामुळे पुढे धुमाकूळ येणार आहे याची कल्पनाच प्रेक्षकांना मिळत नव्हती. आज हसायचं आहे, एवढं सांगणारं नवं गाणं लिहून घातलं आणि तेच नाटक, तेच संवाद, तेच नट असताना प्रयोग उठला. दोन वर्षांनी ‘फिडलर ऑन द रूफ’च्या वेळी याच रॉबिन्स यांनी लेखकांना पुन्हापुन्हा एकच विचारलं की हे नाटक कशाबद्दल आहे. दूधवाला आणि त्याच्या मुली, हे उत्तर त्यांना पुरेना. अखेर एका जीवनरीतीचं विरघळत जाणं, असं उत्तर आलं आणि त्यातून परंपरेवरचं ते आरंभगीत जन्मलं. ही दोन उदाहरणं विद्यार्थ्यांना सांगतात ती कौतुकासाठी नाही. चांगलं गाणंही चुकीच्या जागी असेल तर काढावं लागतं, हे त्यांच्या हाडात मुरावं म्हणून सांगतात.

काढून टाकण्याची सर्वांत बोलकी गोष्ट ‘नेक्स्ट टु नॉर्मल’ची आहे. टॉम किट आणि ब्रायन यॉर्की बीएमआयच्या कार्यशाळेत होते. तिथला शेवटचा स्वाध्याय म्हणून १९९८ मध्ये त्यांनी दहा मिनिटांची एक संगीतिका केली. विषय होता विजेचे झटके देऊन उपचार घेणारी एक स्त्री, नाव ‘फीलिंग इलेक्ट्रिक’. त्या दहा मिनिटांची पूर्ण लांबीची म्युझिकल व्हायला दहा वर्षं लागली. २००८ मध्ये ती ऑफ-ब्रॉडवेला, म्हणजे न्यूयॉर्कच्या छोट्या थिएटरांत, आली. काही समीक्षकांना ती उपचारपद्धतीवरचा उपहास वाटली, काहींना कुटुंबाची शोकांतिका, आणि दोन्हींचा मेळ बसत नव्हता. लेखकांनी ती पुन्हा खोलली. वॉशिंग्टनजवळ सुधारित प्रयोग केला. या फेरलेखनात जे गाणं बाहेर गेलं, ते ‘फीलिंग इलेक्ट्रिक’च. ज्या बीजातून सगळं झाड आलं तेच बीज त्यांनी काढून टाकलं, कारण नाटक आता उपचारांबद्दल राहिलं नव्हतं, दुःखाबद्दल झालं होतं. २००९ मध्ये ब्रॉडवे आणि २०१० मध्ये पुलित्झर.

पदवी हातात आली की दार उघडतं, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. टिशच्या पहिल्या तुकडीतल्या विनी होल्झमन यांचं नाव आज ‘विकेड’च्या संहितेमुळे जगाला माहीत आहे. पण १९८७ साली डेव्हिड इव्हान्स या संगीतकाराबरोबर केलेली त्यांची ‘बर्ड्स ऑफ पॅरडाइज’, साक्षात आर्थर लॉरेंट्स यांनी दिग्दर्शित करूनही, लगेच बंद पडली. होल्झमन टेलिव्हिजनकडे वळल्या, मालिका लिहिल्या, नाव मिळवलं, आणि सोळा वर्षांनी २००३ मध्ये ‘विकेड’ आली. मायकल आर. जॅक्सन याच अभ्यासक्रमातून गेले आणि नंतर ब्रॉडवेवर ‘द लायन किंग’च्या थिएटरात प्रेक्षकांना त्यांच्या जागा दाखवण्याचं काम करत राहिले. त्यांच्या ‘अ स्ट्रेंज लूप’चा नायकही तेच काम करतो. पदवीपूर्व शिक्षणानंतर लिहिलेल्या एका स्वगतापासून या नाटकाची सुरुवात झाली. ते ऑफ-ब्रॉडवेला २०१९ मध्ये आलं, २०२० मध्ये पुलित्झर आणि २०२२ मध्ये सर्वोत्तम म्युझिकलचं टोनी मिळालं. त्या स्वगतापासून मोजलं तर दीड तपाहून अधिक काळ.

विल ॲरनसन आणि ह्यू पार्क यांची ओळख न्यूयॉर्क विद्यापीठात शिकत असताना झाली. ॲरनसन म्युझिकल लेखनाच्या वर्गात, पार्क दृश्यकलेच्या. दोन निवृत्त मदतनीस रोबोंच्या प्रेमाची त्यांची ‘मेबी हॅपी एन्डिंग’ आधी कोरियन भाषेत, सोलमध्ये २०१६ साली झाली. इंग्रजीत ती ब्रॉडवेवर यायला २०२४ उजाडलं. पुढच्या वर्षी तिला सहा टोनी मिळाले. मूळ कादंबरी नाही, जुना सिनेमा नाही, प्रसिद्ध गाण्यांची आधीची पुंजी नाही. केवळ दोन माणसांनी टेबलाशी बसून कल्पिलेली गोष्ट. शिक्षणाचा पसारा आता एका शहरापुरता आणि एका भाषेपुरता राहिलेला नाही, हेही यातून दिसतं.

ब्रिटनमधली कथा थोडी वेगळी. १९९० साली सॉन्डहाइम ऑक्सफर्डच्या सेंट कॅथरिन्स कॉलेजात पाहुणे प्राध्यापक म्हणून गेले. निर्माते कॅमरन मॅकिंटॉश यांच्या देणगीतून ते अध्यासन उभं राहिलं होतं. तिथे त्यांनी मोजक्या तरुण लेखक-संगीतकारांना घेऊन कामाला लावलं. वर्ग संपला तरी ती मंडळी पांगली नाहीत. १९९२ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी मिळून मर्क्युरी वर्कशॉप ही संस्था काढली. तीच पुढे मर्क्युरी म्युझिकल डेव्हलपमेंट्स झाली. त्या वर्गातले जॉर्ज स्टाइल्स आणि अँथनी ड्रू यांची ‘हॉन्क!’ २००० साली ‘द लायन किंग’ आणि ‘मामा मिया’ यांना मागे टाकून ऑलिव्हिए पुरस्कार घेऊन गेली. पुढे रंगमंचावरच्या ‘मेरी पॉपिन्स’साठी नवी गाणी लिहायला मॅकिंटॉश यांनी बोलावलं तेही याच जोडीला. सॉन्डहाइम यांचा तिसरा स्वाध्याय असा त्यांच्या विद्यार्थ्यांच्या हातून रंगभूमीवर पोचला. लंडनमध्ये गोल्डस्मिथ्सनेही म्युझिकल थिएटरचा एमए सुरू केला. त्यात लेखकांची वाट वेगळी आणि निर्मात्यांची वेगळी, पण दोघं एका छताखाली. हा विचार चांगला आहे. लिहिणाऱ्याला पैसा उभा करणाऱ्याची भाषा कळली पाहिजे.

या शिक्षणावर आक्षेप आहेत आणि ते खोडून काढण्यासारखे नाहीत. लिन-मॅन्युएल मिरांडा यांनी ‘इन द हाइट्स’ कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी लिहायला घेतली, कोणताही पदव्युत्तर वर्ग न करता, आणि ‘हॅमिल्टन’ने सगळ्या नियमांना नवा ताल लावला. एकाच मुशीतून निघालेल्या म्युझिकल एकसारख्या वाटतात, हेही बऱ्याचदा खरं असतं. पाचव्या मिनिटाला ‘आय वॉन्ट’, अकराव्याला विनोदी गाणं, असा साचा हातात आला की सुरक्षित नाटकं निघतात. आणि अमेरिकी खासगी विद्यापीठांची फी इतकी मोठी आहे, की शिष्यवृत्तीशिवाय तिथे जाणाऱ्यावर कर्ज चढतं आणि रंगभूमी ते फेडू देत नाही. बीएमआयचा वर्ग विनामूल्य होता ही गोष्ट म्हणूनच मोलाची ठरते. त्याच वर्गात घडलेले आणि ‘अ कोरस लाइन’ची गीतं लिहिणारे एड क्लेबन १९८७ मध्ये वारले, तेव्हा त्यांनी मृत्युपत्रात नव्या गीतकारांना आणि संहिताकारांना पुरस्कार देण्यासाठी पैसे ठेवले. लिहिणाऱ्याला वेळ विकत घेऊन द्यावा लागतो, हे स्वतः भोगलेल्या माणसाने ओळखलं होतं.

मराठी वाचकाला हा सगळा विषय परका वाटण्याचं कारण नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा ब्रॉडवेवर आज म्युझिकल म्हणतो ती वस्तू अस्तित्वातही नव्हती. आपलं प्रशिक्षणही होतं, ते नाटक मंडळीच्या बिऱ्हाडात चालायचं. गोविंद बल्लाळ देवल हे बेळगावच्या शाळेत किर्लोस्करांचे विद्यार्थी. नाटकाची तालीमही त्यांच्याच हाताखाली झाली, आणि ‘शारदा’ त्या तालमीतून आली. जुन्या संगीत नाटकाचं कुठलंही पुस्तक उघडलं तर पदाच्या माथ्यावर ‘चाल’ छापलेली दिसते: अमुक चिजेची, अमुक लावणीची, अमुक कानडी पदाची. म्हणजे सूर आधी, शब्द मागून. रॉजर्स आधी लॉरेन्झ हार्टबरोबर काम करत तेव्हा तेही चाल आधी देत, आणि हॅमरस्टाइन आले तेव्हा क्रम उलटून शब्द आधी आले. क्रम बदलल्यामुळे अमेरिकी म्युझिकलचा स्वभाव बदलला, याचा तिकडे बारकाईने अभ्यास होतो. ‘मानापमाना’साठी १९११ मध्ये गोविंदराव टेंबे आणि ‘स्वयंवरा’साठी १९१६ मध्ये भास्करबुवा बखले यांच्या चालींवर खाडिलकर शब्द बसवत होते, तेव्हा पात्र आणि पद यांचा सांधा कुठे जुळला आणि कुठे गायनाने नाटकाला थांबवून धरलं, याचा तितक्याच बारकाईने अभ्यास व्हायला हवा. नाट्यपद एका भावात रेंगाळतं, तो त्याचा दोष नाही, स्वभाव आहे. अमेरिकी साचा उचलून त्यावर लादायची गरज नाही. ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये तर गायकी हीच गोष्ट आहे; जितेंद्र अभिषेकींनी दोन घराण्यांचा संघर्ष चालींतूनच उभा केला. ‘हे ते पात्र गाईल का’ या प्रश्नाचं इतकं समर्पक उत्तर ब्रॉडवेवरही फार ठिकाणी सापडणार नाही.

महाराष्ट्रात आणि गोव्यात आज नाट्यशास्त्राचे विभाग आहेत, संगीताचे विभाग आहेत, बहुतेक ठिकाणी एकाच आवारात. नाट्यलेखन शिकणारा एका इमारतीत बसतो आणि चाली बांधणारा दुसऱ्या. या दोघांना एका खोलीत आणण्यासाठी नवी इमारत लागणार नाही. एक पेटी, एक तबला, देवल-खाडिलकरांपासून कानेटकर-दारव्हेकरांपर्यंतच्या संहिता, ऐकून घेणारे दहा-बारा जण आणि ओळीगणिक खरं सांगणारा एक जाणता, एवढ्यावर पहिली तुकडी सुरू करता येईल. ज्या विभागप्रमुखांच्या हाती हे आहे, त्यांनी येत्या वर्षी ती सुरू करावी.